शुगर आहे? मग रोज रात्री तळपाय उलटून बघा

माझ्या डाव्या पायाची करंगळी एका चिंचोक्यानं नेली. नातीचे खेळायचे चिंचोके घरभर पडलेले असायचे, त्यातला एक बुटात जाऊन बसला. पुतणीच्या लग्नाला सकाळी सातला ते बूट चढवले, वऱ्हाडात दिवसभर मिरवलो, पंगतीत वाढलंसुद्धा. रात्री मोजा काढायला गेलो तर तो कातडीला चिकटलेला. बूट झटकला तेव्हा चिंचोका टकटक करत फरशीवर पडला, एका बाजूनं घासून गुळगुळीत झालेला. दिवसभरात तो मला एकदाही टोचला नव्हता.

जखम दुखत नव्हती, म्हणून मी हळद दाबून आठ-नऊ दिवस काढले. मध्ये एका दवाखान्यात गेलो, तिथं मोजा न काढताच गोळ्या लिहून दिल्या. मीही काढून दाखवला नाही. दहाव्या दिवशी बोट काळं पडलं आणि पुढचं सगळं सर्जनच्या हातात गेलं.

त्याच्या दोन-तीन वर्षं आधी रात्री पायाला मुंग्या यायच्या, तळव्यांची आग व्हायची. मग ते आपोआप थांबलं. मला वाटलं, गोळ्या लागू पडल्या. खरं म्हणजे नसा मुक्या झाल्या होत्या. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की आधी सगळ्यात लांबच्या नसा मरतात, म्हणजे पायाच्या बोटांच्या. स्पर्श जातो, घाम यायचा थांबून कातडी कोरडी पडते आणि फुटते, पंजाचे छोटे स्नायू दुबळे होऊन बोटं आकडीसारखी वळतात आणि चालताना भार नको त्या हाडावर येतो. जोडीला रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर साधा ओरखडाही भरत नाही.

ज्यांना नुकतीच शुगर निघाली आहे किंवा ज्यांच्या घरात अशी माणसं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डॉक्टरांचा सल्ला याच्यापेक्षा वरचा, हे धरूनच वाचा.

१. आधी पाय एकदा नीट तपासून घ्या

टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर पायांची तपासणी करायची, कारण शुगर कळते त्याच्या बरीच वर्षं आधीपासून ती अंगात असू शकते. डॉक्टरांना सरळ म्हणा, "माझे पाय तपासा." आणि त्यांच्यासमोर बसायच्या आधीच दोन्ही मोजे काढून ठेवा. उघडा पाय समोर आला की बघितला जातो.

तपासणीत साधारण एवढं असतं. नायलॉनच्या एका जाड धाग्यानं तळव्याला ठिकठिकाणी टोचतात. हा धागा बरोबर १० ग्रॅम दाबाला वाकतो, आणि तुम्ही डोळे मिटून "लागलं" किंवा "नाही" म्हणायचं. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप कळतो का बघतात. बऱ्याच ठिकाणी बायोथेसिओमीटर नावाचं यंत्र असतं, ते हेच काम व्होल्टच्या आकड्यात सांगतं. २५ व्होल्टच्या वर कंप कळायला लागला तर जखमेचा धोका मोठा. मग पावलाच्या वरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी चाचपतात.

नाडी नीट लागली नाही तर एबीआय करतात, म्हणजे घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबानं भागायचं. ०.९ च्या खाली आकडा आला तर वाहिन्या अरुंद झालेल्या आहेत. इथं एक चकवा आहे. १.३ च्या वर आकडा आला की लोक खूश होतात, पण मधुमेहात वाहिन्यांच्या भिंती चुन्यासारख्या कडक झाल्या की आकडा खोटा चढतो. तसं असेल तर पायाच्या बोटातला दाब किंवा डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह बघायची तपासणी) करायचा का, ते विचारा.

यावरून तुमचा गट ठरतो. स्पर्शही शाबूत आणि नाडीही चांगली, तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. दोन्हींपैकी एक गेलं असेल तर ६ ते १२ महिन्यांनी. दोन्ही गेलं असेल किंवा एकाच्या जोडीला पावलाचा आकार बदललेला असेल तर ३ ते ६ महिन्यांनी. आणि बधिरपणा किंवा कमी रक्तपुरवठ्याच्या जोडीला आधी जखम होऊन गेलेली असेल, बोट काढलेलं असेल किंवा किडनी पूर्ण निकामी झालेली असेल, तर दर १ ते ३ महिन्यांनी. मी या शेवटच्या वर्गात बसतो.

दवाखाना लांब असेल तर घरी एक सोपी चाचणी होते. तुम्ही डोळे मिटून झोपा. घरातल्या कुणीतरी दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या अशा सहा टोकांना, एका वेळी एकाच टोकाला, तर्जनीनं हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, घासायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर स्पर्श कमी झालाय असं धरा आणि तपासणीची तारीख घ्या. आमच्या घरी दिवाळीत सगळ्या भावंडांवर हा प्रयोग झाला, आणि शुगर नाही म्हणणाऱ्या एकाची शुगर त्यातून निघाली.

२. हे सामान एका डब्यात ठेवा

- हातात धरायचा आरसा (दाढीचा चालतो)
- मऊ सुती पंचा, फक्त पायांसाठी
- व्हॅसलिन, खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर
- सरळ धारेचं नेलकटर आणि नखं घासायची कानस
- निर्जंतुक गॉझ, रोलर बँडेज, कागदी चिकटपट्टी, सलाइनची छोटी बाटली
- फिक्या रंगाचे सुती मोजे, निदान चार जोड

मोजे पांढरे किंवा फिकेच घ्या. काळ्या मोज्यावर रक्ताचा डाग दिसत नाही, माझा त्या दिवशी काळाच होता. वरचं इलॅस्टिक पोटरीवर वळ उठवत असेल तर तो जोड बाद. आतली शिवण जाड असेल तर मोजा उलटा करून घाला, लोक हसले तर हसू द्या.

३. रोज रात्रीची पाच मिनिटं

जेवण झाल्यावर, उजेडात, चष्मा लावून. आधी बोटांच्या बेचक्या एकेक करून फाकवून बघायच्या. पावसाळ्यात तिथं चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सुटते आणि तिथूनच जंतू आत शिरतात. मग टाच, मग तळवा आरशात. वाकता येत नसेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करून बघा. दर रविवारचा फोटो ठेवलात तर डाग नवा की जुना हा वाद राहत नाही.

काय शोधायचं? लाली, फोड, भेग, काळा ठिपका, ओलेपणा, नखाच्या कोपऱ्यातली सूज, वास. घट्ट्याच्या आत काळपट-लाल छटा दिसली तर ते आतलं रक्त असतं आणि खाली जखम तयार होत असते. वरून तो नुसता घट्टा वाटतो, म्हणून बहुतेक जण इथंच फसतात.

नंतर हाताची उलटी बाजू दोन्ही पावलांवर फिरवा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागलं तर मनात नोंद करा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दोन्ही पायांवर एकाच जागी मोजा. २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस आला की चालणं कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा.

ज्यांना नीट दिसत नाही त्यांचे पाय दुसऱ्यानं बघायचे. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेल्या माणसाला पाय स्वतः तपासायला सांगणं म्हणजे थट्टाच. आमच्याकडे हे काम सौ. करते. मी तिची शुगरची गोळी लक्षात ठेवतो, ती माझे पाय.

४. धुणं, पुसणं, तेल

कोमट पाणी, साधा साबण. पाणी ३७ अंशांच्या वर नको, आणि ते पायानं बघायचं नाही. कोपर बुडवून बघा किंवा घरच्यांना हात घालायला सांगा. बंबातलं पाणी थेट पायावर ओतून घेतल्यानं फोड आलेले मी वॉर्डात पाहिले आहेत. मिठाच्या पाण्यात अर्धा तास पाय बुडवून बसायचं सोडा. कातडी फुगते, नंतर आणखी कोरडी पडून फाटते.

बेचक्या टिपून कोरड्या करा. तेल-व्हॅसलिन टाचेला आणि तळव्याला, बेचक्यांत कधीच नाही.

आता गावोगावी काशाच्या थाळीचं मशीन आलंय, पाय ठेवायचे, तूप लावायचं आणि थाळी गरगर फिरते. शेवटी काळं निघतं ते म्हणे शरीरातलं विष. तो काळा रंग काशाचा आणि तुपाचा. बधिर पायाला थाळीचं घासणं आणि गरमी कळत नाही, तेव्हा तिकडे जाऊच नका. घरी हातानं हलकं तेल जिरवलं की झालं.

५. नखं, घट्टे आणि कुरूप: घरगुती शस्त्रक्रिया बंद

नखं आंघोळीनंतर, मऊ असताना, सरळ रेषेत कापा. कोपरे खोल कोरायचे नाहीत, कानशीनं घासून बोथट करायचे. जाड, पिवळं, वाकडं नख दवाखान्यातच कापून घ्या.

घट्टा किंवा कुरूप ब्लेडनं तासायचं नाही. मेडिकलमध्ये मिळणारी कुरुपाची पट्टी लावायची नाही. तिच्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते घट्ट्याबरोबर चांगली कातडीही खातं. आमच्या भागात काटा मोडला की रुईचा चीक लावतात आणि टाचेच्या भेगांना बिब्ब्याचा चटका देतात. ज्याचा पाय जिवंत आहे तो चटका बसला की ओरडतो आणि हात थांबतो. बधिर पायावर हात थांबवणारं कुणी नसतं. वज्रीनं टाच घासायची सवयही आवरा. भेगा व्हॅसलिननं आणि रात्री सुती मोजा घालून हळूहळू मिटतात, दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो.

बायकांसाठी एक वेगळं सांगायला हवं: जोडवी. पायाला सूज आली की जोडवं बोटात रुततं आणि कळत नाही. रात्री काढून खालची कातडी बघा. निघतच नसेल तर ओढाताण न करता सोनाराकडून कापून घ्या. सासूबाईंची समजूत घालायला डॉक्टरांची चिठ्ठी उपयोगी पडते, हा आमच्या शेजारचा अनुभव.

६. पायताण

पहिला नियम: घरातही अनवाणी नाही. अर्ध्याहून जास्त वेळ आपण घरातच असतो, आणि टाचण्या, काचा, खेळण्यांचे तुकडे घरातच असतात. घरात घालायची चप्पल वेगळी ठेवा, म्हणजे स्वयंपाकघरात कुणी हटकणार नाही.

अंगठ्याची साधी रबरी स्लिपर नको, तिचा पट्टा बेचक्यात घासतो आणि मागं पट्टा नसल्यामुळे ती टिकवून धरायला बोटं आकडावी लागतात. याच कारणानं कोल्हापुरीही नको. मला स्वतःला हे फार जड गेलं. पुढून रुंद, मागं पट्टा, वेल्क्रोनं सैल-घट्ट करता येणारी, आत मऊ आणि खाली टणक अशी सँडल हवी.

मऊ तळव्यासाठी एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर वापरतात. याची गोष्ट कुष्ठरोगातून येते. पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांचे पाय 'सडतात' ते रोगानं आपोआप नाही, तर वेदना कळत नसल्यामुळे होणाऱ्या साध्या जखमांनी, हे त्यांनी दाखवून दिलं. तेच ज्ञान पुढं मधुमेहाच्या पायाला लागू पडलं. जुन्या एमसीआर चपला बघून लोक कुजबुजायचे, त्यामुळे रुग्ण त्या घालायला लाजत. आता त्या साध्या सँडलसारख्या दिसतात. पावलाचा आकार बदललेला असेल तर माप देऊन बनवून घ्या.

विकत घेताना:

- संध्याकाळी जा, तेव्हा पाय फुगलेला असतो.
- घरून पुठ्ठ्यावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं आखून न्या. दुकानात चप्पल त्या आकृतीवर ठेवा. आकृती बाहेर डोकावली तर ती चप्पल नको. पायाला घट्ट लागतंय की नाही हे आपल्याला कळत नाही, म्हणून हा उपाय.
- सगळ्यात लांब बोटापुढं १ ते २ सेंटीमीटर जागा हवी.
- दोन्ही पायांत घालून बघा. दोन पावलं सारखी नसतात.
- पहिल्या दिवशी तासभरच घाला, काढा, लाली बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर परत करा. हे चालेल का, ते दुकानदाराला आधीच विचारा.

आणि प्रत्येक वेळी घालायच्या आधी बूट उलटा करून आपटा आणि आत हात फिरवा. चिंचोक्याचा धडा.

७. ऊन, शेक आणि देऊळ

गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, हीटर पायापासून लांब. मोटारसायकलवर मागं बसताना सायलेन्सरकडे लक्ष ठेवा. पाय गार पडतात म्हणून शेकायची इच्छा होते, त्यावर मोजे घाला.

देवळाचा प्रश्न सगळे विचारतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी देवळाच्या दगडी आवारात अनवाणी चालून तळवे भाजतात आणि घरी येईपर्यंत पत्ता लागत नाही. सकाळी लवकर जा, जाड मोजे घाला, पायात काय चालेल ते तिथं विचारा. पायी वारीला जायचं असेल तर आधी पाय तपासून घ्या, चपला घालूनच चाला, रोज मुक्कामावर पाय बघा. अनवाणी चालायचा नवस बोलला असाल तर तो फेडायची दुसरी वाट शोधा. पांडुरंग समजून घेईल.

तंबाखूचं थोडक्यात: विडी-सिगारेटनं पायाच्या वाहिन्या आणखी अरुंद होतात, आणि मशेरी-गुटख्यातलं निकोटीनही वाहिन्या आकसवतं. मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे, असं समजणाऱ्या बायका आमच्या घरातही होत्या.

८. जखम दिसली तर

त्याच दिवशी हे करा: सलाइननं किंवा स्वच्छ पाण्यानं धुवा, निर्जंतुक गॉझ ठेवा, बँडेज सैल बांधा, आणि त्या पायावर चालणं थांबवा. हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट, राख काहीही नको. चिकटपट्टी कातडीवर थेट नको, काढताना साल निघते. दुसऱ्या दिवसाच्या आत डॉक्टरांना दाखवा.

पुढचं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता तडक मोठ्या रुग्णालयात जा: ताप किंवा थंडी, जखमेभोवती २ सेंटीमीटरपेक्षा जास्त पसरलेली लाली, पू, घाण वास, काळं पडलेलं बोट, आत दिसणारं हाड, किंवा कारण नसताना अचानक चढलेली शुगर. यात 'दुखत नाही' याला काडीचीही किंमत देऊ नका.

एक वेगळा प्रकार आहे, शारको फूट. पाऊल लाल, गरम, सुजलेलं, जखम कुठंच नाही, दुखणं बेताचंच. लोक मुरगळलं म्हणून लेप लावतात, काही वेळा संसर्ग समजून गोळ्या चालू होतात. आत हाडं ठिसूळ होऊन मोडत असतात, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा काहीच दिसत नाही. त्यावर चालत राहिलात तर पावलाची कमान कोसळते. असं पाऊल दिसलं की बसून घ्या, गाडीनं जा, आणि डॉक्टरांना "शारको असेल का?" हे स्वतः विचारा.

उपचारात मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे भार. माझी शस्त्रक्रियेनंतरची जखम पाच आठवडे भरेना. मी एक दिवसाआड ड्रेसिंगला जायचो, कसा? एसटीनं, स्टँडपासून चालत! प्रत्येक पावलाला जखम पुन्हा चिरडली जात होती. नंतर गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, सगळ्या तळव्यावर भार वाटून देणारं, तेव्हा भरायला लागली. तळव्याच्या जखमेला न काढता येणारं प्लास्टर किंवा बूट बसेल का, हे विचाराच. संसर्ग किंवा रक्तपुरवठ्याची मोठी अडचण असेल तर ते चालत नाही, म्हणून ठरवणार डॉक्टरच.

आणखी दोन प्रश्न लिहून न्या. "रक्तपुरवठा पुरेसा आहे का?" बंद वाहिनी उघडल्याशिवाय कुठलंही मलम काम करत नाही, आणि बोट किंवा पाय काढायची भाषा सुरू झाली की हा प्रश्न व्हॅस्क्युलर सर्जनला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनला, आधी विचारायचा. दुसरा: "चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही तर पुढं काय?" निम्मी झाली नसेल तर उपचार बदलायची वेळ आली असं धरतात. म्हणून दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

९. फाइल आणि पैसा

एका फायलीत: शेवटचे दोन-तीन एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिनचा (किडनीचा) रिपोर्ट, डॉपलर, पायाचे एक्स-रे, चालू गोळ्यांची यादी (रक्त पातळ करायची गोळी असेल तर ठळक), ॲलर्जी, आणि जखमेचे तारखेसह फोटो.

भरती व्हायची वेळ आली तर रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण फक्त योजनेत असलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठी. तिथं 'आरोग्यमित्रा'चं टेबल असतं. आपलं ऑपरेशन यादीत बसतं का, हे पैसे भरायच्या आधी त्यांना विचारा. आम्ही पावत्या फाडून झाल्यावर विचारलं. नंतरचं रोजचं ड्रेसिंग मात्र त्यात धरून चालू नका, तो खर्च वेगळा बाजूला ठेवा.

१०. जखम भरल्यावर

भरलेल्या १० जणांपैकी साधारण ४ जणांना वर्षभरात पुन्हा जखम होते. भरलेली कातडी नवी आणि नाजूक असते, आणि ज्या कारणानं जखम झाली तो बधिरपणा तसाच असतो. प्लास्टर निघाल्याच्या आनंदात लोक पहिल्याच आठवड्यात जुने बूट घालतात. ते बूट टाकून द्या, कुणाला देऊसुद्धा नका.

एक बोट गेलं की चाल बदलते आणि शेजारच्या हाडावर, शिवाय दुसऱ्या पायावर भार वाढतो. माझ्या उजव्या तळव्याला अंगठ्याच्या मुळाशी दोन वर्षांपूर्वी घट्टा यायला लागला, तो दर दीड महिन्यानं दवाखान्यात तासून घेतो. रात्री आरसा घेऊन बसलो की सौ. आता उजव्या पायापासून सुरुवात करते.